जाड कागदावरील छपाई आणि दातेरी चाकांचे ठसे

लोणारच्या दैत्यसूदन मंदिराच्या भिंतींची छायाचित्रे स्नेहसंमेलनातील प्रदर्शनासाठी जाड कागदावर छापावीत असे आमच्या इतिहास मंडळाने ठरविले. पहिले चित्र विभागाच्या इंकजेट प्रिंटरमधून बाहेर आले ते समोरून पाहता उत्तम होते. खिडकीपाशी नेऊन जरा तिरपे धरले, तेव्हा मात्र काळ्या दगडाच्या छायेत बारीक ठिपक्यांच्या सरळ रांगा वरपासून खालपर्यंत गेलेल्या दिसल्या. शिवणयंत्र दोऱ्याविना कागदावरून चालवावे तशा! दुसऱ्या चित्रावरही त्याच जागी त्याच रांगा. कागद बाहेरगावाहून मागविलेला आणि महाग. चित्रे आठ लावायची, आणि कोरे कागद उरले नऊ.

शाईचा दोष असावा असे प्रथम वाटले. खात्रीसाठी एक सोपी परीक्षा आहे: खराब झालेल्याच कागदाची कोरी बाजू वर करून, काहीही न छापता तो यंत्रातून जाऊ द्यावा. आम्ही तसे केले, ठिपके उमटलेच. म्हणजे हे शाईचे डाग नसून कागदावर पडलेले खड्डे होते. पांढऱ्या भागात ते लपतात, गडद आणि चकचकीत भागात प्रकाश अडवून उघडे पडतात. आमचा विषयच नेमका काळा बेसाल्ट!

हे खड्डे कोण पाडते, हे कळण्यासाठी यंत्रातील कागदाचा प्रवास पाहिला पाहिजे. छपाईच्या शीर्षाआधी रबरी रूळ कागदाला घट्ट पकडून पुढे ढकलतो. शीर्षातून शाईचे थेंब पडतात; एकेक थेंब काही पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या दशलक्षांशाच्याही दशलक्षांशाच्या हिशेबातला. पुढे कागद बाहेर ओढण्यासाठी खाली रबरी रूळ असतो. वरच्या बाजूसही रबर ठेवले तर ओली शाई फासली जाईल. म्हणून तेथे पातळ पत्र्याची दातेरी चाके बसविलेली असतात. त्यांची फक्त टोके कागदाला टेकतात, त्यामुळे शाई पसरत नाही. योजना मोठी हुशारीची आहे, पण ती साध्या कागदाच्या मापाने केलेली आहे. नेहमीचा कागद 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा, आणि सुमारे 0.1 मिलिमीटर जाड. आमचा 300 जीएसएमचा, त्याच्या तिप्पट-चौपट जाड. तो आत शिरला की चाकांची स्प्रिंग अधिक दबते आणि दाते मऊ लेपात रुततात. प्रिंटरमध्ये ‘जाड कागद’ अशी सोय असते खरी, पण आमच्या यंत्रात तिने शीर्ष वर जाते. चाके जागची हलत नाहीत.

येथे जुन्या छापखान्याची आठवण होते. ट्रेडलवर खिळ्यांचा दाब कमी पडला की कारागीर मागे पातळ कागद घालून तो वाढवी. आम्हाला याच्या उलट करायचे होते.

चाके सगळीच काढून टाकावीत हा पहिला विचार मनात येतो, आणि तो चुकीचा आहे. ती कागदाला खाली दाबूनही धरतात. ती नसतील तर वळलेला कागद वर उचलला जाऊन शीर्षाला घासतो. शिवाय कागदाची शेपटी पहिल्या रुळातून सुटली की पुढे ओढणारे कोणी उरत नाही आणि शेवटच्या भागात आडवे पट्टे येतात.

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. यंत्र जुने, हमीची मुदत संपलेली, आणि सरांची परवानगी मिळालेली. प्रथम वीजजोडणी काढली. चाकांची पट्टी दोन टोकांना स्क्रूने बसविलेली होती. ती सोडवून दोन्ही टोकांखाली सारख्याच जाडीचे पातळ वॉशर घातले. एका बाजूला कमी-जास्त झाले तर कागद तिरका जातो. हा अनुभव आम्ही रद्दी पुठ्ठ्यावर घेतला, हे बरे झाले. एवढ्याने ठसे फिके झाले, पण गेले नाहीत. मग चित्राच्या भागावर येणारी चाके चिमट्याने काढली. त्यांचा आस म्हणजे एक बारीक स्प्रिंगच असते. ती उडून हरवते, तेव्हा खाली पांढरे फडके अंथरावे. समासावर चालणारी दोन्ही कडांची चाके तशीच ठेवली. शीर्षामागील पारदर्शक पट्टीला मात्र बोट लावू नये. तिच्यावरील सूक्ष्म रेषा वाचूनच शीर्षाला आपली जागा कळते आणि तेलकट बोटाने ते वाचन चुकते.

कागद आदल्या रात्री ज्ञानकोशाच्या खंडांखाली दाबून सपाट केला, आणि खालचा साडेतीन सेंटिमीटर भाग कोरा सोडून चित्रे थोडी लहान केली. चौकट त्या मानाने बेतावी लागली. एका शिल्पपट्टाचा तळ त्यात गेला, याची हळहळ आहे. आठ चित्रे बिनडाग निघाली. एक कागद उरला.

साधा कागद मात्र आता या यंत्रातून नीट बाहेर येत नाही, मध्येच फुगतो. काढलेली चाके आणि स्प्रिंगा काडेपेटीत घालून विभागाच्या कपाटात ठेवल्या आहेत. ज्यांना टिपणे छापायची असतील त्यांनी आधी ती बसवावीत आणि वॉशर काढावेत; अर्ध्या तासाचे काम आहे.