खंडोबाच्या किड्याला रानातला नवरा

बाभळीच्या फांदीवर, कपाशीच्या पानावर, नाहीतर दिव्याजवळच्या भिंतीवर एक लांबोडका हिरवा किडा आपण पाहिला असेल. पुढचे दोन पाय जोडून तो गप्प बसतो. जणू कोणी हात जोडून देवापुढे उभे आहे. म्हणून पुस्तकात त्याला प्रार्थनाकीटक म्हणतात. आपल्याकडे त्याला खंडोबाचा किडा असेही म्हणतात.

हात जोडलेले दिसतात खरे. पण ते भक्तीसाठी नव्हेत. त्या पायांना आतून करवतीसारखे दाते असतात. माशी, टोळ, पतंग, अळी जवळ आली, की डोळ्याचे पाते लवण्याआधी ती त्या चिमट्यात सापडते. हा किडा तिला जिवंतच खातो. पिकाला तो तोंड लावत नाही. माणसाला त्याचे विष बाधत नाही, कारण त्याला विषच नाही.

मात्र एक खरे सांगितले पाहिजे. हा किडा शत्रू-मित्र ओळखत नाही. अळी खाईल तशी मधमाशीही खाईल. भूक लागली तर भावंडही खाईल. चार किडे सोडले आणि शेत वाचले, असे होत नाही. तरी बांधावर तो असावा, असे आम्हांला वाटते.

शेवगाव तालुक्यात, कपाशीच्या मुलखात, एका वर्षी वैशाखात बाभळीचे कुंपण तोडले. एका काटकीला बोराएवढा, तपकिरी, वाळक्या फेसासारखा गोळा चिकटलेला होता. हा खंडोबाच्या किड्याचा अंड्यांचा कोश. मादी आधी फेस सोडते, त्यात अंडी घालते. मग फेस वाळून कडक होतो. आत शंभर-दोनशे अंडीसुद्धा असतात. काटकी चुलीत जायची. आम्ही ती ओसरीवर जाळीच्या डब्यात ठेवली.

ज्येष्ठात पिले निघाली. कुजक्या केळ्यावर येणारी चिलटे खाऊन ती वाढली. पिलांनी पिलांनाही खाल्ले. श्रावणात उरले थोडे नर आणि तीन माद्या. नर माद्यांच्या आधी वयात येतात आणि आधी मरतात. एक नर तर मादीने आमच्यादेखत खाल्ला. भाद्रपदात तीन माद्याच राहिल्या.

नर नसला तरी मादी कोश घालते. पण त्यातून सहसा पिले निघत नाहीत. पहिल्या मादीने तसा कोश घातला. आम्ही रोज पाहत राहिलो. काही निघाले नाही. दुसरी मादी मेली. आता एकच राहिली. ती गेली असती तर त्या काटकीचा वंश तिथेच संपला असता.

शेजारचा एक तरुण शेतकरी म्हणाला, "गुरुजी, कामगंध सापळ्यात पतंग येतातच की. तसा हिच्यासाठी नर नाही का यायचा?"

त्याचे बोलणे बरोबर होते. कपाशीतला कामगंध सापळा आपल्या ओळखीचा आहे. गुलाबी बोंडअळीची मादी पतंग अंगातून एक वास सोडते. त्या वासावर नर येतो. तोच वास कारखान्यात तयार करून छोट्या रबरी गोळीत भरतात. नर मादी समजून येतो आणि पिशवीत अडकतो. हेक्टरी 5 सापळे लावतात. एका सापळ्यात रोज 8 पतंग, असे सलग 3 दिवस आले, तर उपाय करायची वेळ झाली असे समजतात. हा वास पहिल्यांदा शोधून काढला तो रेशमाच्या पतंगाचा. 1959 साली जर्मनीत बुटेनान्ट नावाच्या शास्त्रज्ञाने तो वेगळा केला. त्यासाठी सुमारे 5 लाख मादी पतंग लागले! इतका तो वास थोडा, आणि इतका तो पुरतो.

खंडोबाच्या किड्याची मादीही असाच वास सोडते. वयात आल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ती पोट खाली वाकवून बसते. पंख आणि पाठ यांत फट पडते, तिथून वास जातो. आपल्या नाकाला तो कळत नाही. मादीचे पोट जड असते, तिला नीट उडता येत नाही. नर सडपातळ, त्याच्या मिशा लांब. तो रात्री वाऱ्यावरचा वास हुंगत उडत येतो. वाटेत वटवाघूळ टपलेले असते. म्हणून ह्यांच्या पुष्कळ जातींत छातीखाली, मागच्या पायांमध्ये, एकच कान असतो. वटवाघळाचा बारीक आवाज त्यात ऐकू येतो आणि नर गिरकी घेऊन खाली पडतो. आपल्याला दोन कान असून बैलगाडी ऐकू येत नाही!

मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा केला. आत मादी ठेवली आणि तो कपाशीच्या कडेला बांधला. आठ रात्री गेल्या. एकही नर आला नाही. मग लक्षात आले, की त्या कपाशीवर नुकतीच फवारणी झाली होती. औषध अळीला मारते तसे खंडोबाच्या किड्यालाही मारते. नर असता तर आला असता ना!

पिंजरा ओढ्याकाठच्या बाभळीला नेऊन टांगला. तिथे फवारणी नव्हती, जवळ दिवा नव्हता. दिव्यावर नर येतात खरे, पण मग ते दिव्याभोवतीच फिरत राहतात. जागा अशी निवडली, की वारा पिंजऱ्यावरून झाडीकडे जाईल. तिसऱ्या पहाटे जाळीवर एक किडा बसलेला दिसला. पण तो बारका, मातकट रंगाचा, दुसऱ्याच जातीचा होता. त्याला सोडून दिला. पाचव्या पहाटे हिरवा, सडपातळ किडा आला. उलटा करून पोटाखालचे वळे मोजले. मादीला सहा दिसतात, नराला आठ. आठ भरले.

इथे आमची चूक झाली. आनंदात आम्ही त्याला तसाच आत सोडला. मादीला आदल्या दिवशी खायला घातलेले नव्हते. तिने मान वळवली आणि नराला धरले. डोक्यापासून खायला सुरुवात केली. आम्ही नुसते पाहत राहिलो. त्या तरुणाने तर कपाळाला हात लावला. उपाशी मादीचे असेच असते. ऑस्ट्रेलियात एका जातीवर प्रयोग झाला. तिथे अगदी उपाशी माद्यांकडेच नर जास्त आले, आणि नराला खाण्याचा संभव अशाच माद्यांकडून जास्त असतो. म्हणजे नर आला, एवढ्यावर काम होत नाही.

मग रोज दोन मोठे टोळ मादीला दिले. आणखी चार रात्री वाट पाहिली. अश्विनातल्या एका पहाटे दुसरा नर आला. आता घाई केली नाही. मादीच्या तोंडात मोठा टोळ दिला. ती चावण्यात गुंग झाल्यावर नर मागच्या बाजूने काठीवरून हळूच सोडला. तो जागच्या जागी थांबे, एक पाऊल टाके, पुन्हा थांबे. अर्धा तास त्याने तेवढ्यातच घालवला. मग एकदम उडी मारून तिच्या पाठीवर बसला. दुपार टळेपर्यंत ती जोडी तशीच होती. नर खाली उतरताच तो काडीने बाजूला घेतला आणि बाभळीवर सोडला. तो जिवंत गेला.

बारा दिवसांनी मादीने पिंजऱ्यातल्या काटकीवर कोश घातला. ती काटकी तोडून ओढ्याकाठच्या बाभळीत, सावलीला, दोऱ्याने बांधली. मुंग्या पिलांना खातात, म्हणून दोऱ्याला गाडीचे वंगण लावायचे असते. ते लावायचे आमचे राहून गेले.

थंडीमुळे दोन महिने लागले. एका सकाळी ऊन चढल्यावर कोशाखाली बारीक धाग्यांना पिले लोंबताना दिसली. मुंगीएवढी, पिवळसर. तो तरुण मोजू लागला. सत्तरपर्यंत मोजली असतील, तोच दोऱ्यावरून काळ्या मुंग्यांची रांग उतरताना दिसली. त्याने मोजणे सोडले आणि वंगण आणायला घराकडे पळाला. आम्ही तोवर उपरण्याच्या टोकाने मुंग्या झाडीत बसलो.