नळाचे पाणी : फेस न येणे वेगळे, रोगराई वेगळी

महाराष्ट्रातून डेहराडूनला शिकायला येणाऱ्या मुलांची पहिल्या आठवड्यातली तक्रार ठरलेली असते : साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, बादलीला पांढरा थर बसतो. घरी फोनवर सांगितले की उत्तर मिळते, "पाणी जड आहे, पिऊ नकोस, आजारी पडशील." या उत्तराचा पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग तपासून पाहायला हवा, कारण त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते.

पाणी जड का होते?

आपण बोलताना ज्याला जड पाणी म्हणतो, त्याला पाठ्यपुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात. (अणुभट्टीतले जड पाणी ही निराळी गोष्ट आहे.) डेहराडूनच्या उत्तरेला मसुरीचे डोंगर आहेत. त्यांत चुनखडी आणि डोलोमाइट हे खडक भरपूर आहेत. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडीतून झिरपताना कॅल्शियम बायकार्बोनेट बनवून सोबत नेते. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही येते. शहराच्या नळांना येणारे बरेचसे पाणी नलकूपांचे, म्हणजे जमिनीखालचे असते. म्हणून हे क्षार थेट आपल्या बादलीत येतात.

सहस्रधारेला गेलेल्यांनी तिथल्या गुहांत छतावरून थेंब ठिबकताना पाहिले असतील. थेंबातला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की चुना खडकावर मागे उरतो. गीझरमध्येही हेच होते, फक्त उष्णतेमुळे फार लवकर. कॉइलवर जमलेला थर उष्णता अडवतो आणि वीज जास्त जळते.

बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्यावर जातो, म्हणून त्याला तात्पुरता म्हणतात. सल्फेट आणि क्लोराइड यांच्यामुळे आलेला जडपणा उकळून जात नाही. त्यासाठी धुण्याचा सोडा किंवा आयन-विनिमयाचे यंत्र लागते.

एक हिशेब

समजा पाण्याचा जडपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम आहे (कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मोजलेला). २० लिटरच्या बादलीत ६ ग्रॅम झाले. साबण म्हणजे सोडियम स्टिअरेट असे धरले, तर १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमागे सुमारे ६१३ ग्रॅम साबणाचा साका होतो. म्हणजे संपूर्ण बादलीला फेस आणायचा, तर त्याआधी सुमारे ३७ ग्रॅम साबण वाया जाणार! कपडे धुण्याच्या पावडरीतल्या डिटर्जंटचा असा साका होत नाही, म्हणून जड पाण्यात कपडे पावडरीने धुणे बरे.

मग धोका कशाचा?

भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यातला जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. याच मानकात ई. कोलाय जंतूंबद्दल मात्र अशी सवलत नाही. १०० मिलिलिटर पाण्यात ते एकही आढळता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेनेही जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा ठरवलेली नाही.

वाढत्या गावात खरी भीती सांडपाण्याची असते. ९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तराखंड राज्य झाले आणि डेहराडून राजधानी बनले. कडेच्या शेतांत वसाहती उभ्या राहिल्या. पुण्याभोवती किंवा ठाण्यापलीकडे हेच दिसते. घरे आधी येतात, जलवाहिनी मागून येते आणि गटार सर्वांत शेवटी. जलवाहिनी गटाराला लागून जाते. पाणी दिवसात काही तासच सुटते. ते बंद झाले की वाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. कोणी नळाला थेट मोटर लावली, तर हे ओढणे आणखी वाढते.

१९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेतून पाणी उचलण्याच्या जागी सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ते पाणी शुद्धीकरण केंद्रातून आलेले होते. म्हणजे घाण पाण्यात जाऊ न देणे ही पहिली फळी आणि क्लोरीन ही दुसरी.

टीडीएस मीटर काय सांगत नाही

हल्ली घरोघरी टीडीएस मीटर दाखवून आरओ यंत्र विकतात. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू त्याला दिसत नाहीत. आकडा १५० असलेले पाणी रोगट असू शकते आणि ४५० असलेले निर्धोक. आरओमध्ये बरेच पाणी वाया जाते. म्हणूनच लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले.

सैन्याची पद्धत

पाण्याला किती ब्लीचिंग पावडर लागेल, हे ठरवण्यासाठी हॉरॉक्स चाचणी आहे. ती ब्रिटिश लष्करी डॉक्टर विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाने ओळखली जाते. पेटीत सहा पांढरे पेले आणि एक काळा पेला असतो. काळ्या पेल्यात २ ग्रॅम पावडरीचे द्रावण करतात. पांढऱ्या पेल्यांत तपासायचे पाणी घेऊन त्यांत अनुक्रमे १ ते ६ थेंब द्रावण टाकतात. अर्ध्या तासाने स्टार्च-आयोडाइडचे थेंब घालतात. ज्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग येतो, त्याचा क्रमांक पाहायचा. तिसरा असेल तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे ६ ग्रॅम पावडर लागते. या चाचणीत जडपणाचा प्रश्नच येत नाही. तुकडी आजारी पडू नये, एवढेच पाहिले जाते.

सुट्टीत घरी गेल्यावर

१. नळाच्या टोकाला क्लोरीन उरतो का, हे पालिकेला किंवा ग्रामपंचायतीला विचारा. तो लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम हवा.
२. घराजवळ जलवाहिनी आणि गटार कुठे एकत्र येतात, ते पाहा. गळती दिसली तर कळवा.
३. इमारतीची टाकी शेवटची कधी धुतली, ते विचारा.
४. पाणी गढूळ आले किंवा वास आला, तर गाळून, चांगली उकळी फुटेपर्यंत तापवून मगच प्या.

पांढरा थर डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याचीच चर्चा होते. आईवडिलांना आणि शेजाऱ्यांना न दिसणाऱ्या जंतूंबद्दल सांगणे हे आपले काम आहे.