आठवड्याची वही

परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख माझी एकदा चुकली. आळस नव्हता. तारीख पाठ होती, पण डोक्यात त्याच वेळी धाकट्या भावाची फी, शेठनी सांगितलेली पार्सलं आणि अर्धा राहिलेला निबंध, असा सगळा बाजार भरलेला. दंड भरला तो वेगळाच. तेव्हापासून वही घातली. साधी, शंभर पानी. तुम्हाला मोबाइलमधलं अ‍ॅप बरं वाटत असेल तर तेही चालेल, मात्र जागा एकच हवी. थोडं वहीत, थोडं व्हॉट्सअ‍ॅपवर, थोडं तळहातावर, असं झालं की वही असून नसल्यासारखीच.

आधी डोक्यातलं सगळं उतरवून काढा. क्रम लावू नका. घरी फोन, चपलेचा तुटलेला अंगठा, सेमिनार, सगळं.

मग हिशेब. आपल्या मंडळातले बरेच जण शिकता शिकता काम करतात, कुणी रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये, कुणी लूमच्या खात्यात रातपाळी करून थेट वर्गात येतो. माझाच आठवडा मांडते. एकूण तास १६८. झोप ४९, कॉलेज ३०, मार्केट ३०, येणंजाणं १२, जेवण-अंघोळ-घरकाम २१. बेरीज १४२. उरले २६, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी. माझी यादी मात्र ४० तासांची! म्हणजे दर आठवड्याला मी नापास होणार हे ठरलेलंच होतं, आणि दोष देत होते स्वतःच्या स्वभावाला. म्हणून न हलणारी कामं आधी लिहा. उरलेल्या तासांत मावेल तेवढंच पुढे घ्या. एक संध्याकाळ कोरी सोडा. पाहुणे काही विचारून येत नाहीत.

दुसरी गोष्ट, काम इतकं बारीक लिहा की हात लगेच चालला पाहिजे. ‘निबंध लिहिणे’ हे काम नव्हे, तो डोंगर झाला. ‘ग्रंथालयातून पुस्तक काढणे’ हे काम.

आणि रविवार. वही भरणं सोपं. ती उघडून बसायची वेळ ठरलेली नसेल तर दोन आठवड्यांत ती गादीखाली जाते. आपल्याच सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्म सभा काढली, ती दर रविवारी भरायची. दोघेही शिक्षक, आठवडाभर शाळा. जमेल तेव्हा भेटू म्हणाले असते तर सभा कितीदा भरली असती, कुणास ठाऊक. पुढे दादोबा मुंबईला गेले आणि सभा मंदावली, हेही खरं. माणसं हलली की बैठकही हलते.

माझी बैठक रविवारी सकाळी, चहा झाल्यावर, अर्धा तास. झालेल्यावर रेघ मारायची. न झालेलं पुढच्या पानावर उतरवायचं, पण तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली तर थांबून विचारायचं, हे होत का नाही?

गेल्या महिन्यात ‘व्याकरणाच्या नोट्स’ तीन पानं फिरून आल्या. विचार केल्यावर कळलं, मला प्रयोगच नीट समजला नव्हता, नोट्स कसल्या काढणार! ती ओळ खोडली. सोमवारच्या रकान्यात लिहिलं : मधल्या सुट्टीत वर्गातल्या मैत्रिणीला कर्मणी प्रयोग विचारणे, १० मिनिटं.