घटक ४ : उत्तरकादंबरीचे वाचन – प्रेम की बंड?

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• उत्तरकादंबरी पूर्वभागातील कृतीचा अर्थ पुन्हा कसा तपासते, हे सांगता येईल.
• संदर्भ बदलला की चिन्हाचा अर्थ कसा बदलतो, हे स्पष्ट करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सत्तेने माणसाचे सारे जीवन ताब्यात घेतलेल्या भयावह समाजाचे कल्पित चित्र रंगवणाऱ्या साहित्याला डिस्टोपियन साहित्य म्हणतात. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘कॅचिंग फायर’ (२००९) ही किशोर-युवा वाचकांसाठीची कादंबरी या प्रकारातील असून ती ‘द हंगर गेम्स’चा (२००८) पुढील भाग आहे. पॅनेम राष्ट्राची राजधानी कॅपिटॉल बारा ‘डिस्ट्रिक्टां’वर राज्य करते. दरवर्षी प्रत्येक ‘डिस्ट्रिक्ट’मधील एक मुलगा व एक मुलगी यांना रिंगणात उतरवून मरेपर्यंत लढवले जाते.

४.३ विवेचन

(अ) नाव आणि क्रमांक : ‘डिस्ट्रिक्ट’ला ‘जिल्हा’ म्हटले, तर मराठी वाचकाच्या मनात भंडाऱ्यासारखा जिल्हा उभा राहतो. भंडारा जिल्ह्यातील वरठीचे उदाहरण घ्या. गाव वरठी, पण तेथील रेल्वेस्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’. गावाची ओळख गावकऱ्यांच्या लेखी एक आणि रेल्वेच्या लेखी दुसरी. येथे दोन्ही नावे सुखाने नांदतात. पॅनेममध्ये मात्र सत्तेने नावच उरू दिलेले नाही. उरला आहे तो क्रमांक आणि राजधानीला पुरवायचा माल. बारावा कोळशाचा, अकरावा शेतीचा. ‘जिल्हा’ या शब्दात ही हिंसा उतरत नाही, हे भाषांतरकाराने ध्यानात घ्यावे.

(आ) एक कृती, दोन अर्थ : पहिल्या भागाच्या अखेरीस कॅटनिस आणि पीटा विषारी फळे खाण्याची तयारी दाखवतात आणि दोघांचेही प्राण वाचतात. ही कृती प्रेमाची की बंडाची? दुसरा भाग या प्रश्नावरच उभा आहे. राष्ट्राध्यक्ष स्नो कॅटनिसच्या घरी येऊन तिला बजावतो, की ते प्रेमच होते हे लोकांना पटवून दे. सत्तेला तिचे प्रेम नको आहे. तिला अर्थावर ताबा हवा आहे. म्हणून येथील प्रेमकथा हे कथेला जोडलेले ठिगळ नव्हे. कॅमेऱ्यासमोरचे प्रेम आणि मनातले प्रेम यांतील सीमारेषा कॅटनिसलाही दिसत नाही. निवेदन प्रथमपुरुषी व वर्तमानकाळी असल्याने वाचकही तिच्या संभ्रमात अडकतो.

(इ) चिन्हाचा प्रवास : ओठांना लावून पुढे धरलेली तीन बोटे ही बाराव्या ‘डिस्ट्रिक्ट’मधील आदराची व निरोपाची खूण. अकराव्यात जमाव ती एकमुखाने करतो, आणि एका वृद्धाला गोळी घातली जाते. खूण तीच, समूहाने ती केल्यामुळे अर्थ पालटला. २०१४ मध्ये थायलंडमधील लष्करी उठावाच्या विरोधकांनी हीच खूण रस्त्यावर आणली. कल्पित चिन्ह वास्तवात उतरले ते असे.

४.४ सारांश

उत्तरकादंबरी केवळ ‘पुढे काय झाले’ एवढेच सांगत नाही; ‘आधी जे झाले त्याचा अर्थ कोणी ठरवायचा’ हेही ती विचारते. सत्ता एकच अर्थ लादू पाहते, वाचणारे दुसरा शोधतात. वाचक म्हणून आपली जबाबदारी येथेच सुरू होते.

४.५ स्वाध्याय

१. ‘डिस्ट्रिक्ट’साठी ‘जिल्हा’, ‘परगणा’, ‘विभाग’ यांपैकी आपण कोणता शब्द निवडाल? सकारण लिहा.
२. आपल्या परिसरातील दोन नावे असलेल्या एका ठिकाणाची नोंद करा. कोणते नाव कोण, केव्हा वापरते?