मासळीचा वार आणि शाकाहाराचा वार

देवगड, मालवण व वेंगुर्ले या तालुक्यांतील किनारा मासळीवर पोसलेला असला, तरी तेथील घरांत बारा महिने मासळी शिजते हा समज बरोबर नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पुढे श्रावण येतो. सोमवार, गुरुवारचे नेम असतात ते निराळेच. अर्थात मासे खाणारे कुटुंबही वर्षातील बरेच दिवस शाकाहारीच असते. म्हणून कोणता आहार श्रेष्ठ या वादापेक्षा, मासळी नसेल त्या दिवशी तिच्या जागी ताटात काय येते, हे पाहणे अधिक उपयुक्त होय.

शंभर ग्रॅम ताज्या बांगड्यात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. तितक्याच कोरड्या कुळथांत ती सुमारे २२ ग्रॅम भरतात. परंतु पातळ पिठीत माणशी दोन चमचे पीठच पडते, हे ध्यानात घेतले जात नाही. तांदळात लायसिन कमी व कडधान्यात मेथिओनिन कमी असते. म्हणून भाताबरोबर काळ्या वाटाण्याची वा चवळीची दाट उसळ असल्यास एकाची उणीव दुसरे भरून काढते.

ब-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. ते मासळी, अंडी व दूध यांसारख्या प्राणिजन्य पदार्थांतून मिळते. कडधान्य कितीही खाल्ले तरी मिळत नाही. शरीरातील साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा कळते. हातापायांना मुंग्या येणे, जीभ लाल होणे व थकवा ही तिची लक्षणे होत. दूधही न घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तीस हा धोका विशेष आहे.

शाकाहाराची बाजूही दुबळी नाही. ब्रिटनमधील सुमारे ४८ हजार लोकांच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शाकाहारी लोकांत हृदयविकार कमी आढळला. मासे खाणाऱ्यांतही तो मांसाहारी लोकांहून कमी होता. मात्र पक्षाघाताचे प्रमाण शाकाहारी लोकांत काहीसे अधिक दिसले. पावसाळ्यातील खारा बांगडा मात्र या हिशेबात ताज्या मासळीच्या पंक्तीस बसवू नये. त्यातील मीठ रक्तदाब असलेल्यास अपायकारक आहे.

नेम पाळण्यात घरातील स्त्रिया पुढे असतात, आणि जेवतात सर्वांच्या मागून. सोलकढी-भातावर दिवस काढणाऱ्या गरोदर स्त्रीस नेम मोडण्यास सांगण्याचे कारण नाही. त्या दिवशी तिच्या ताटात दाट उसळ, दही, नाचणीची भाकरी व लिंबू पिळलेली पालेभाजी आहे की नाही, हे कार्यकर्त्यांनी विचारावे; जेवणाबरोबर चहा टाळण्यास सांगावे, कारण त्याने लोह कमी शोषले जाते; आणि थकवा असल्यास आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.