मजुरीतील काटामारी

वाचकहो, सूरह अल-मुतफ्फिफीन वाचताना डोळ्यांसमोर बाजारातील तराजू येतो. घेताना पुरेपूर घेणारा आणि देताना काटा मारणारा कुणी दुकानदार. तो आपण नव्हे, अशा समजुतीने आपण पुढे सरकतो. परंतु इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये नोंद आहे की, अस्रच्या नमाजला न पोहोचलेल्या एका माणसाला उद्देशून हजरत उमर (र.) यांनी याच अर्थाचा शब्द वापरला. म्हणजे काटामारी केवळ धान्यात होत नाही.

आता चिंचणीच्या परिसरात पाहा. घरोघरी डायमेकिंग, डहाणूकडे चिकूच्या वाड्या, किनाऱ्यावर मासळी सुकविण्याचे काम, जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत. वाडीवर किंवा बांधकामावर स्त्रीचा दिवस पुरुषाइतकाच लांब; हाती पडणारा रोज मात्र कमी. विचारले तर, “बायकांचा दर हाच!” समान वेतनाचा कायदा देशात १९७६ पासून आहे. घरच्या कारखान्यात राबणाऱ्या सुनेचे तर नावच हिशेबात नसते. नोकरीत पगार कागदावर समान दिसतो. पण २०१७ साली प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, आणि नवविवाहितेला कामावर घेताना मालक आढेवेढे घेतात.

यावर आपल्यातील काही जण धर्माचा आधार देतात, आणि हे मला अधिक बोचते. म्हणे, कुटुंबाचे पोषण पुरुषावर, म्हणून त्याला जास्त. बंधूंनो, नफका हा पती-पत्नीमधील हक्क आहे. मालक देतो ती उजरत, म्हणजे श्रमाचे मोल. तसे नसते तर अविवाहित तरुणापेक्षा मुले पोसणाऱ्या विधवेला अधिक मजुरी द्यावी लागली असती. ती कोण देतो? वारशातील वाट्याचा दाखलाही इथे लागू नाही. वारसा श्रमाविना येतो, मजुरी कराराने. सूरह अन-निसाची ३२वी आयत तर पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा वाटा सांगते. तेव्हा पत्नीचे पगाराचे कार्ड आपल्या खिशात ठेवणाऱ्यांनीही ती वाचावी.

सूरह अल-कसस उघडा. मदयनच्या विहिरीवर गुराख्यांची गर्दी हटेपर्यंत दोन बहिणी आपली जनावरे अडवून उभ्या होत्या. प्रेषित मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले आणि काही न मागता सावलीत जाऊन बसले. त्यांतील एक लाजत परत आली व निरोप दिला: वडील बोलावत आहेत, पाणी पाजल्याचा मोबदला द्यायचा आहे.