प्रोटीनचा डबा घ्यायलाच हवा का?

प्रश्न : मी दहावीत आहे, वजन ५२ किलो. महिन्याभरापूर्वी जिम लावली. तिथले सर म्हणतात, प्रोटीन पावडर आणि क्रिएटिन घेतल्याशिवाय बॉडी होणार नाही. आजी म्हणते, वजन उचललंस तर उंची खुंटेल. कोणाचं ऐकू?
— एक विद्यार्थी वाचक, सातारा

उत्तर : तूर्त दोघांचंही नको. आधी आजीची शंका. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, बेताचं वजन उचलल्याने उंची खुंटत नाही. उंची खरोखर खुंटवू शकतात ती स्टेरॉइड्स. हाडांच्या टोकांशी वाढीचा जो कूर्चेचा भाग असतो, तो त्यांच्यामुळे वेळेआधीच बंद होऊ शकतो. बेभरवशाच्या पावडरींत अशा गोष्टींची भेसळ सापडलेली आहे, म्हणून ‘आपल्याकडचा खास माल’ म्हणून कोणी काही पुढे केलं तर सरळ नाही म्हण. डबा विकण्यात विकणाऱ्याचं कमिशन असतं, हेही ध्यानात असू दे.

आता हिशेब. तुझ्या वयात व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे दिवसाला ७८ ग्रॅमच्या आसपास. अर्धा लिटर दुधात १६, तीन अंड्यांत १८, मूठभर शेंगदाण्यांत ७-८, मटकीची उसळ आणि आमटी मिळून १५ च्या आसपास, चार पोळ्यांत १२. उरलेले दहाएक ग्रॅम दही-फुटाण्यांतून सहज निघतात. अंडी खात नसशील तर ३० ग्रॅम सोयाबीन वड्यांत १५ ग्रॅम मिळतात. मात्र सकाळी नुसता चहा-बिस्किट खाऊन क्लासला पळणाऱ्याचा हा हिशेब कधीच जुळत नाही, आणि बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. भात-भाकरीही सोडू नकोस, ताकद त्यावरच येते.

क्रिएटिनवर प्रौढांमध्ये भरपूर अभ्यास झालाय, अठराच्या आतल्यांवर फार थोडा. तेव्हा थांब. व्यायामाआधी घ्यायच्या ‘प्री-वर्कआउट’मध्ये मुख्यतः कॅफीन असतं, त्याने झोप उडते, आणि तुला तर आठ-दहा तास झोप हवी.

व्यायाम आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. स्क्वॉट, डेडलिफ्ट, खांद्यावरून प्रेस आणि रोइंग एवढं पुरे. मोठा ऑलिंपिक बार रिकामाच २० किलोचा असतो. तो जड वाटला तर काठी घेऊन ढब बसव, त्यात लाजायचं काही नाही. अजून दोन रेप निघतील असं वाटत असतानाच सेट थांबव. ‘जास्तीत जास्त किती उचलतोस’ ही पैज वर्षभर लावू नकोस. पहिल्या दोन महिन्यांत ताकद वाढेल, पण दंड फुगलेले दिसणार नाहीत, कारण सुरुवातीला मुख्यतः मज्जासंस्था शिकत असते. नेमके याच काळात पोरं कंटाळून डबा विकत आणतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर सपाट, टणक तळाचे बूट घे. पळायच्या मऊ बुटांत स्क्वॉट मारू नकोस.